घरी चीज दाबण्यासाठी कोणतं साधन घ्यावं? वजन, साचा आणि प्रेस निवडण्याची माहिती

पनीर घट्ट व्हावं म्हणून फडक्यात बांधलेल्या गोळ्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवणं ही आपल्याकडची घरोघरची पद्धत आहे. पण पनीरच्या पुढे जाऊन घरी गौडा किंवा चेडर करून पाहायचं ठरवलं, की पातेल्याने भागेल की चीज प्रेस विकत घ्यावा लागेल, हा प्रश्न पडतो. बाजारात साध्या प्लॅस्टिकच्या डब्यापासून लाकडी तरफेच्या प्रेसपर्यंत अनेक साधनं मिळतात आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक असतो.

एक किलो घट्ट चीज करायला गाईचं साधारण १० लिटर दूध लागतं. दाबण्यात चूक झाली तर एवढं दूध आणि दिवसभराची मेहनत वाया जाऊ शकते. म्हणून साधन घेण्याआधी दाबण्यामागचं साधं गणित समजून घेणं फायद्याचं आहे. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की प्रेस किती महाग आहे किंवा किती किलोचा जोर देतो याला स्वतंत्र अर्थ नसतो. तो जोर किती रुंद साच्यावर पडतो, यावर सगळं ठरतं.

दाबल्यावर नेमकं काय होतं?

दाबणं म्हणजे चीजमधलं पाणी पिळून काढणं, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. रेनेट घातल्यावर दूध घट्ट होतं, मग ते सुरीने कापून त्याचे दाणे करतात. हे दाणे ढवळताना, गरम करताना आणि हळूहळू आंबट होत असताना त्यांच्यातली बरीचशी निवळी, म्हणजे दुधाचं पिवळसर पाणी, बाहेर पडते. साच्यात भरण्याआधीच हे काम बहुतांश झालेलं असतं.

दाबताना तीन गोष्टी होतात. दाण्यांच्या मधल्या फटींत अडकलेली निवळी निघते, वेगवेगळे दाणे एकमेकांना चिकटून एकसंध गोळा बनतो आणि बाहेरच्या बाजूला गुळगुळीत, बंद साल तयार होते. ही साल नीट बंद झाली नाही तर पुढे मुरवताना फटींत बुरशी शिरते.

म्हणूनच दाणे मुळात ओले आणि मऊ राहिले असतील, तर कितीही जड वजन ठेवून ते कोरडे होत नाहीत. उलट बाहेरची साल लवकर बंद होते आणि निवळी आतच अडकते.

कोणत्या चीजला किती दाब लागतो?

सगळ्याच प्रकारांना प्रेस लागत नाही. श्रीखंडाचा चक्का आपण नुसता टांगून ठेवतो, त्याचप्रमाणे क्रीम चीज आणि बकरीच्या दुधाचं मऊ चीज स्वतःच्या वजनाने निथळतं. कॅमम्बर्ट दाबत नाहीत. मोझरेला गरम पाण्यात ताणून करतात. पारशी घरांत होणारं टोपली पनीर छोट्या टोपल्यांत निथळून निवळीतच ठेवतात, त्यावरही वजन येत नाही.

- हलका दाब: पनीर, हलुमी.
- मध्यम दाब: गौडा आणि त्याच्यासारखी, दाबल्यानंतर मिठाच्या पाण्यात बुडवली जाणारी चीज.
- जास्त दाब: चेडर.

चेडरला जास्त दाब का? चेडरच्या दाण्यांना साच्यात भरण्याआधीच मीठ लावतात. मीठ लागलेले दाणे कोरडे आणि कडक होतात, त्यामुळे ते सहज चिकटत नाहीत. गौडामध्ये दाणे बिनमिठाचे आणि गरम असतानाच साच्यात जातात, म्हणून कमी वजनातही एकजीव होतात.

‘जितकं कडक चीज, तितका जास्त दाब’ हेही खरं नाही. इटलीचं पार्मिजानो-रेज्जानो कडक चीज म्हणून ओळखलं जातं, पण ते साच्यात फार हलकं दाबतात. त्याचा कडकपणा बारीक दाणे, ५५ अंश सेल्सियसच्या आसपास दिलेली उष्णता आणि किमान १२ महिने मुरवणं यातून येतो.

वजन नव्हे, दाब मोजा

पाककृतीत ‘५० पौंड वजन ठेवा’ असं लिहिलेलं असतं. ५० पौंड म्हणजे साधारण २३ किलो. पण हे वजन किती रुंद साच्यावर ठेवायचं, हे अनेकदा लिहिलेलं नसतं. तेच वजन छोट्या साच्यावर ठेवलं तर दाब खूप वाढतो, मोठ्या साच्यावर ठेवलं तर कमी होतो.

दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. गोल साच्याचं क्षेत्रफळ काढायला आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्याच आकड्याने गुणा आणि उत्तराला ०.७८५ ने गुणा. १२ सेंमी व्यासाच्या साच्याचं क्षेत्रफळ १२ × १२ × ०.७८५, म्हणजे ११३ चौरस सेंमी येतं.

पनीरचं उदाहरण घेऊ. भारतीय डेअरी तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत पनीरची जी पद्धत दिलेली असते, तिच्यात ३५ × २८ सेंमीच्या चौकटीवर ४५ किलो वजन १५ ते २० मिनिटं ठेवायला सांगतात. ४५ किलो वाचून घरचा माणूस दचकतो. पण त्या चौकटीचं क्षेत्रफळ ९८० चौरस सेंमी आहे. म्हणजे दाब प्रत्येक चौरस सेंमीवर जेमतेम ४६ ग्रॅम पडतो. घरातल्या १० × १० सेंमीच्या डब्यात तोच दाब आणायला साडेचार-पाच किलो पुरतात. पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन तेच काम करतो.

वेगवेगळ्या व्यासाच्या साच्यांवर किती वजन लागेल, याचा अंदाज पुढे दिला आहे. पहिला आकडा हलक्या दाबासाठी (चौरस सेंमीला ४५ ग्रॅम), दुसरा मध्यम दाबासाठी (१०० ग्रॅम) आणि तिसरा जास्त दाबासाठी (२०० ग्रॅम) आहे.

- १० सेंमी व्यास: ३.५ किलो, ८ किलो, १६ किलो
- १२ सेंमी व्यास: ५ किलो, ११ किलो, २३ किलो
- १५ सेंमी व्यास: ८ किलो, १८ किलो, ३५ किलो
- २० सेंमी व्यास: १४ किलो, ३१ किलो, ६३ किलो

१० सेंमीचा साचा २० सेंमीचा केला तर व्यास दुप्पट होतो, पण वजन चौपट लागतं. ‘मोठा साचा घेऊन ठेवू, पुढे उपयोगी पडेल’ हा विचार इथेच महागात पडतो, कारण त्या साच्यासाठी प्रेसही मोठाच घ्यावा लागतो.

आधी साचा निवडा, मग प्रेस

साचा किती मोठा हवा, हे तुम्ही एका वेळी किती दूध वापरता यावर ठरवा. पाच लिटर दुधाचं साधारण अर्धा किलो चीज होतं. १० सेंमीच्या साच्यात ते सुमारे सहा सेंमी उंचीचं बसतं. १० लिटरसाठी १२ सेंमीचा साचा ठीक असतो, त्यात तयार चीजची उंची आठ-नऊ सेंमी होते. मात्र सुटे दाणे भरताना जवळपास दुप्पट जागा व्यापतात. म्हणून साच्याची उंची १५ सेंमी किंवा जास्त हवी.

साच्याच्या बाजूंना आणि तळाला बारीक भोकं हवीत. आतला भाग गुळगुळीत हवा. घरच्या डब्याला भोकं पाडणार असाल तर ती आतून बाहेरच्या दिशेने पाडा आणि धार घासून काढा. नाहीतर फडकं अडकून फाटतं आणि प्लॅस्टिकचा किंवा धातूचा कीस चीजमध्ये जातो.

दाण्यांवर बसणारी वरची चकती साच्याइतकीच महत्त्वाची असते. ती साच्यात सहज खाली-वर सरकली पाहिजे, पण कडेला एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. फट मोठी असेल तर दाणे कडेने वर चढतात. चकती पातळ असेल तर वाकते आणि दाब मधेच पडतो.

आत घालायला मऊ मलमलचं फडकं चांगलं. नवं असेल तर खळ निघेपर्यंत धुवा. दर वेळी उकळून वापरा आणि ओलं करूनच साच्यात पसरा. फडक्याची सुरकुती राहिली तर चीजच्या अंगावर तशीच खाच उमटते.

दाबण्याच्या साधनांचे प्रकार

१. सरळ वजन ठेवणं. पाण्याचे कॅन, वरवंटा, व्यायामाच्या वजनाच्या चकत्या, यांपैकी काहीही चालतं. पाण्याचा फायदा असा, की एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे मोजायला सोपं जातं. आणखी एक गुण म्हणजे चीज खाली बसत गेलं तरी वजन तेवढंच राहतं. अडचण उंचीची आहे. अरुंद साच्यावर १० किलोच्या पुढे रचलं की डोलारा कलंडतो. चीज एका बाजूला तिरकं होतं आणि वजन पायावर पडण्याचा धोका असतो. १० किलोपर्यंत ही पद्धत उत्तम, त्यापुढे बाजूंना आधाराचे दांडे हवेत.

२. पनीर आणि टोफूचे डबे. जाळीचा डबा, वर झाकण आणि कधीकधी छोटी स्प्रिंग, अशी यांची रचना असते. पनीरला हे पुरेसे आहेत, वड्या नीट चौकोनी होतात. पण स्प्रिंगचा जोर बेताचा असतो आणि तो किती आहे हे सहसा कळत नाही. गौडा किंवा चेडरसाठी हे घेऊ नका.

३. स्क्रूचा प्रेस. वरचा दांडा फिरवला की चकती खाली जाते. जागा कमी लागते आणि जोर भरपूर मिळतो. दोष असा, की निवळी गेल्यावर चीज थोडं बसतं आणि स्क्रूचा दाब लगेच उतरतो. दर थोड्या वेळाने पिळत राहावं लागतं आणि किती किलोचा जोर लागतोय हे समजत नाही. मधे स्प्रिंग असेल तर हा दोष बराच कमी होतो. स्प्रिंग लांब आणि मऊ असलेली घ्या. एक सेंमी दबायला पाच किलो लागणारी स्प्रिंग असेल, तर चीज एक सेंमी बसल्यावर पाच किलोचा दाब कमी होतो. दोन किलो लागणारी असेल तर दोनच किलो कमी होतो. स्प्रिंगवर किलोच्या खुणा असतील तर अधिक चांगलं.

४. तरफेचा प्रेस. याला डच प्रेसही म्हणतात. आडव्या दांड्याचं एक टोक टेकूवर असतं, मधे चीजवर उतरणारा खुंट असतो आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगतात. टेकूपासून खुंट १५ सेंमीवर आणि वजन ६० सेंमीवर असेल, तर जोर चौपट होतो. पाच किलो टांगले की चीजवर २० किलो येतात, शिवाय दांड्याचं स्वतःचं वजन वेगळं. चीज बसत गेलं की दांडाही खाली येतो, त्यामुळे दाब जवळपास एकसारखा राहतो. रात्रभर दाबायचं असेल तर ही मोठी सोय आहे.

घेताना किंवा सुताराकडून करून घेताना दोन गोष्टी पाहा. टेकूचा खांब आणि चीजखालची फळी एकाच चौकटीत पक्के जोडलेले हवेत, कारण वजन टांगल्यावर खांब वरच्या दिशेने ओढला जातो. दुसरं म्हणजे दांडा शक्यतो आडवा राहिला पाहिजे. तो फार कलला तर खुंट तिरका होतो आणि चीजही तिरकं दबतं. चकतीवर लाकडी ठोकळे ठेवून उंची जुळवता येते.

५. हवेच्या किंवा तेलाच्या दाबावरचे प्रेस. हे डेअरीसाठी असतात. गाडीचा जॅक वापरून घरी असा प्रेस करण्याची कल्पना टाळलेली बरी. जोर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तेल गळून चीजमध्ये जाऊ शकतं.

धातू, प्लॅस्टिक की लाकूड?

निवळी आंबट असते. ती ॲल्युमिनियम, लोखंड आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर परिणाम करते. चीजला किंवा निवळीला लागणारे भाग स्टेनलेस स्टीलचे असावेत, ३०४ दर्जाचं स्टील चांगलं. प्लॅस्टिक घेताना ते खाद्यपदार्थांसाठीचं आहे का ते पाहा. तळाच्या त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असेल तर ते अनुक्रमे एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन असतं, साच्यांसाठी ही दोन्ही वापरतात. नळकामाचा पीव्हीसी पाइप कापून साचा करू नका, तो खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेला नसतो.

लाकूड बाहेरच्या चौकटीला आणि दांड्याला उत्तम. चीजला थेट लागणारी चकती लाकडी असेल तर ती न भेगाळलेली, रंग-वार्निश नसलेली हवी आणि प्रत्येक वेळी धुऊन पूर्ण वाळवावी लागते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत लाकूड वाळायला वेळ लागतो आणि बुरशी धरते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी चकती तरी स्टीलची किंवा प्लॅस्टिकचीच घ्यावी. निवळी ओट्यावर सांडू नये म्हणून साच्याखाली कड असलेलं ताटही हवं.

दाब कसा वाढवायचा?

पहिल्याच मिनिटाला पूर्ण वजन ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आधी शेवटच्या वजनाच्या पाव हिस्सा ठेवा. १५-२० मिनिटांनी चीज बाहेर काढा, उलटं करा, फडकं नीट बसवा आणि वजन निम्म्यावर न्या. पुन्हा उलटं करून मगच पूर्ण वजन द्या. गौडासारखं चीज अर्धा दिवस ते रात्रभर, तर चेडर साधारण एक दिवस दाबतात.

साधन बरोबर काम करतंय का, हे चीजच सांगतं:

- निवळी थेंबथेंब आणि स्वच्छ पिवळसर-हिरवट येत असेल तर दाब योग्य आहे.
- सुरुवातीलाच धार लागली तर वजन जास्त आहे.
- निवळी दुधासारखी पांढरी असेल तर स्निग्धांश वाहून जातोय. वजन कमी करा, दाणे फार गरम नाहीत ना तेही पाहा.
- फडकं सालीत रुतून बसलं तर सुरुवातीचा दाब जास्त झाला किंवा उलटायला उशीर झाला.
- शेवटी अंगावर फटी दिसत असतील तर दाब कमी पडला किंवा दाणे थंड झाले होते.
- एक बाजू उंच, एक बुटकी असेल तर चकती तिरकी बसली होती.

तापमानाकडे लक्ष असू द्या. थंड दाणे चिकटत नाहीत, म्हणून साचा आणि चकती कोमट पाण्यातून काढून घ्या. दाबताना खोली २० ते २५ अंशांची असली तर चांगलं. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे अवघड आहे. तेव्हा काम पहाटे सुरू करा किंवा घरातली सर्वांत गार खोली निवडा. फार उकाड्यात आंबटपणा झपाट्याने वाढतो आणि चीज भुसभुशीत होतं.

प्रेस जे करू शकत नाही

दाबल्याने जंतू मरत नाहीत. गोठ्यातून आलेलं कच्चं दूध असेल तर चीज करण्याआधी ते ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवून पाश्चराइज करा. लिस्टेरिया आणि ब्रुसेलासारखे जीवाणू कच्च्या दुधातून चीजमध्ये जाऊ शकतात. गरोदर महिला, लहान मुलं आणि वृद्ध यांच्यासाठी हा धोका गंभीर असतो. साचा, चकती आणि फडकं दर वेळी गरम पाण्याने निर्जंतुक करणंही तितकंच आवश्यक आहे.

तसंच टेट्रापॅकमधल्या यूएचटी दुधाला रेनेटने घट्ट, कापता येण्याजोगी गुठळी धरत नाही. अशा मऊ दाण्यांना महागडा प्रेसही सावरू शकत नाही.

मग घ्यायचं काय?

- फक्त पनीर करत असाल: प्रेस नको. भोकांचा डबा, मलमल आणि पाच लिटरचा कॅन पुरे.
- पाच लिटर दुधावर पहिल्यांदा गौडा करत असाल: १० सेंमीचा चांगला साचा आणि घट्ट बसणारी चकती घ्या. वजन आठ किलोच्या आसपास लागतं, ते घरातलंच वापरा.
- महिन्यातून एक-दोनदा १० लिटरचं चीज करत असाल: १२ सेंमीचा साचा आणि तरफेचा प्रेस. जागा नसेल तर स्प्रिंगसह स्क्रूचा प्रेस.
- चेडरच करायचं असेल: २५ किलोपर्यंत जोर देणारा मजबूत प्रेस हवा, त्याशिवाय सुरुवात करू नका.

नेहमी पडणारे प्रश्न

प्रेस किती जोर देतोय हे घरी कसं तपासायचं? चीजच्या जागी माणसांचा वजनकाटा ठेवा आणि खुंट त्यावर टेकवा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजेच चीजवर पडणारं वजन. तरफेवर वेगवेगळी वजनं टांगून एकदा हे आकडे लिहून ठेवले की पुन्हा मोजावं लागत नाही.

चीज फ्रिजमध्ये ठेवून दाबलं तर? पनीरला चालेल, पण रेनेटच्या चीजला नाही. थंडीत दाणे चिकटत नाहीत आणि आंबण्याची क्रियाही मंदावते.

म्हशीच्या दुधासाठी वेगळा प्रेस लागतो का? नाही. मात्र तेवढ्याच दुधात चीज जास्त निघतं, त्यामुळे साचा थोडा उंच घ्या.